परमिट रूमची पाटी

मी पिणारा नव्हे; पण कवी मित्रांबरोबर कुलाब्यात पुष्कळदा बसलो आहे. बार ठरवताना पहिला प्रश्न खिशाचा. लिओपोल्ड १८७१ सालचं, तिथं बिल जड. मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं, म्हणून माझं मत तिकडे. पाय मात्र वळत गल्लीतल्या परमिट रूमकडे. ही पाटी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची खूण. पिणाऱ्याला परवाना हवा. कागदोपत्री आजही हवा! त्या बंदीतच चोरून चालणारे आंटीचे अड्डे फोफावले.

२६ नोव्हेंबर २००८ ला लिओपोल्डमध्ये गोळीबार झाला. ते पुन्हा उघडल्यावर मित्र म्हणाला, "आज तिथंच बसू." भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांसमोर मी सोडा मागवला. मित्रानं मला नावानं हाक मारली. शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या. त्यानं पुन्हा मारली, मुद्दाम मोठ्यानं.