पडद्यावरचा हेर आणि बखरीतला हेर

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागले की शहर संपता संपता वाडी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मालमोटारींचे अड्डे, गोदामे, आणि जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी. मी इथला एक निवृत्त शिक्षक. सकाळी फिरून परतताना एका चहाच्या टपरीवर दहा-पंधरा मिनिटे टेकतो. तिथे गोदामात हिशेब लिहिणारी, ट्रकवर क्लीनर असलेली, कॉलेजात जाणारी अशी सगळी पोरे जमतात, आणि त्यांचा विषय बहुधा एकच असतो. सिनेमा!

डिसेंबर २०२५ मध्ये ‘धुरंधर’ आला, तेव्हा तर चहा थंड व्हायचा पण वाद थंड होत नसे. साडेतीन तासांचा तो हेरपट. एक म्हणे, याच्यापुढे ‘टायगर’ फिका. दुसरा ‘पठाण’च्या बाजूचा. तिसरा जरा इंग्रजी सिनेमे पाहणारा. त्याचे म्हणणे, हे सगळे त्या जेम्स बॉण्डची नक्कल. मग पहिला उसळून म्हणाला, “अबे, तुले काही समजते का? कोटी पाह्य ना, कोटी किती केले ते!” आणि सगळे माझ्याकडे वळले. “गुरुजी, तुम्हीच सांगा, मोठा सिनेमा कोणता?”

मी त्या दिवशी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला, आणि त्याच्याच अनुषंगाने आज चार गोष्टी सांगाव्या म्हणतो.

पहिली गोष्ट या कोटींची. आमच्या पिढीला सिनेमाचा गल्ला ठाऊक नसे. आम्ही आठवडे मोजत असू. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास आठवडे म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला तो वर्षाहून अधिक काळ उतरला नाही. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो एकशेएकतीस आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे! पहिल्या खेळाच्या वेळी जे मूल पाळण्यात होते, ते शेवटच्या खेळापर्यंत चालू-बोलू लागले असेल. पुढे दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’पासून ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

आता हे आठवडे आणि आजचे कोटी एका तराजूत कसे घालणार? शिक्षक बंधूंनी वर्गात हे गणित जरूर घालावे. समजा, एका चित्रपटगृहात सहाशे खुर्च्या आहेत, रोज तीन खेळ होतात, आणि प्रत्येक खेळ भरलेला आहे. पंचवीस आठवड्यांत किती माणसे झाली? तीन लाख पंधरा हजार. आता समजा, दुसरा सिनेमा एकाच दिवशी देशभर पाच हजार पडद्यांवर लागला, प्रत्येक ठिकाणी दोनशे खुर्च्या आणि चार खेळ. सगळे भरले तर एका दिवसात चाळीस लाख माणसे! एका थिएटराने सहा महिन्यांत जमवली त्याच्या बारापट माणसे सूर्य मावळायच्या आत पाहून मोकळी. शिवाय पूर्वीचे तिकीट आण्यांचे, आताचे शेकड्यांचे. आणि ‘इतके कोटी केले’ म्हणतात त्यातही सरकारचा कर असतो, थिएटरवाल्याचा वाटा असतो. निर्मात्याच्या हाती पडते ते त्याहून पुष्कळच कमी. हे पोरांना सांगितले तर त्यांचे तोंड उतरते, पण सांगावे लागते.

पूर्वी असे आठवडे का चालायचे, याचेही कारण साधे आहे. सिनेमाच्या प्रती मोजक्या निघत. फिल्मची एक-एक प्रत म्हणजे रिळांच्या डब्यांची चळत. तिला पैसा पडे. आधी मुंबई-पुणे, मग नागपूर-अमरावती, मग जिल्ह्याची गावे, तालुक्याची गावे, आणि शेवटी खरचटलेली, ठिकठिकाणी जोडलेली ती प्रत जत्रेतल्या तंबूत यायची. टूरिंग टॉकीज! जमिनीवर बसायचे, बायकांची बाजू वेगळी, मध्येच फीत तुटली की अंधारात शिट्ट्यांचा गदारोळ. शहरात पाहून आलेला एखादा पाहुणा गोष्ट आधीच फोडायचा, तरी गर्दी कमी होत नसे. आज रिळे गेली, चित्रपट संगणकाच्या तबकडीतून किंवा आकाशातून येतो, म्हणून मुंबईत ज्या शुक्रवारी लागतो त्याच शुक्रवारी नागपुरातही लागतो. लवकर येतो, लवकर भरतो आणि लवकर उतरतोही. याला अपवाद मुंबईच्या मराठा मंदिराचा. तिथे १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवड्यांवर गेला.

आता वळू हेरपटांकडे. त्यांचे टिकणे या दोन्हींहून निराळे. तिथे एकच सिनेमा चालत नाही, एकच माणूस चालतो. इयान फ्लेमिंग या इंग्रज लेखकाने १९५३ साली जेम्स बॉण्डची पहिली कादंबरी लिहिली. १९६२ च्या ऑक्टोबरात ‘डॉक्टर नो’ पडद्यावर आला, आणि २०२१ पर्यंत त्याच माळेत पंचवीस चित्रपट झाले. बॉण्डचे सोंग सहा नटांनी घेतले. नट म्हातारा झाला की बदलायचा. नाव, क्रमांक आणि वाद्यांची ती धून मात्र तीच. प्रेक्षकाचे केस पिकतात, बॉण्डचे पिकत नाहीत. १९८३ साली तो उदयपूरलाही येऊन गेला, ‘ऑक्टोपसी’त.

हा वारा आपल्याकडे फार लवकर पोचला. १९६६ साली तेलुगूत ‘गूढचारी ११६’ निघाला. त्यावरून १९६७ साली हिंदीत ‘फर्ज’. जितेंद्र त्यात एजंट ११६ झाला. लागलीच १९६८ मध्ये रामानंद सागर यांचा धर्मेंद्र-माला सिन्हा असलेला ‘आँखें’. काळ लक्षात घ्या. १९६२ आणि १९६५ या दोन लढायांची जखम ओली होती. सीमेपलीकडून कोणी घरात शिरले आहे काय, ही धास्ती लोकांच्या मनात होतीच. पडद्याने तिला तोंड दिले आणि वर गाणीही दिली. हेर गाणी म्हणतो हे पाहून बॉण्ड चकित झाला असता, पण आमच्या प्रेक्षकाला त्याचे काही वाटले नाही. २०१२ च्या ‘एक था टायगर’पासून ‘वॉर’, ‘पठाण’ असे जे एकात एक गुंफलेले सिनेमे निघाले, ते या जुन्या झाडाचेच नवे फुटवे आहेत. फरक इतकाच की पूर्वी प्रत्येक हेर आपल्या सिनेमापुरता असे. आता एका सिनेमातला हेर दुसऱ्याच्या मदतीला धावून येतो, अगदी शेजारधर्माने.

मग मराठीत काय होते? पडद्यावर म्हणाल तर फारसे नव्हते. आमचा सिनेमा तमाशात, संतांत, इतिहासात आणि पुढे विनोदात रमला. हेरपटाला विमाने लागतात, परदेश लागतो, मोटारी दरीत ढकलाव्या लागतात. मराठी निर्मात्याकडे एकच मोटार, आणि तीही संध्याकाळी परत करायची. पण म्हणून मराठी माणसाला ही गोडी नव्हती असे मुळीच नाही. ती गोडी कागदावर भागली. १९०६ साली जन्मलेले बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांचा धनंजय! झुंजार हा काही सरकारी हेर नव्हे, पण दुष्टांच्या उरात धडकी भरवणारा खरा. त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही कादंबऱ्या हजारांवर, आणि त्यांचा कॅप्टन दीप हा लष्करी हेरच. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर, गावच्या वाचनालयात, न्हाव्याच्या दुकानात ही पुस्तके फाटेस्तोवर फिरली. पहिली आणि शेवटची चार पाने बहुधा गायब असत, तेव्हा गुन्हेगार कोण ते वाचणाऱ्याने आपल्या मनानेच ठरवायचे.

आम्ही शिक्षक मंडळी त्या काळी ही पुस्तके मुलांच्या दप्तरातून काढून जप्त करीत असू. मीही केली आहेत. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात ती वाचलीही आहेत, हे आता कबूल करायला हरकत नाही. आज माझे मत असे आहे, की खेड्यातल्या कितीतरी मुलांना भराभर वाचण्याची सवय पाठ्यपुस्तकाने नव्हे, झुंजाराने लावली.

आणि आता, इतक्या वर्षांनी, मराठी पडद्यावरही एक हेर येऊन उभा राहिला आहे. तो लंडनचा नाही, दिल्लीचाही नाही. तो आहे बहिर्जी नाईक. दिग्पाल लांजेकर यांनी २०१८ साली ‘फर्जंद’ काढला. मग २०१९ मध्ये लाल महालावरच्या छाप्याचा ‘फत्तेशिकस्त’, २०२२ मध्ये ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’, २०२३ मध्ये ‘सुभेदार’. शिवरायांवर आठ चित्रपटांची माळ ओवायची हा त्यांचा संकल्प. मराठीत अशी लांब माळ विरळाच. तिच्यात बहिर्जी वेष पालटून, कधी कोणी तर कधी कोणी होऊन शत्रूच्या गोटात वावरतो, आणि टपरीवरची आमची पोरे त्याला ‘आपला बॉण्ड’ म्हणतात.

इथे मला जरा थांबावेसे वाटते. पूर्वी मी एका शाळेत असताना इतिहासाच्या पेपरात एका मुलाने बहिर्जीच्या तोंडचे एक झकास वाक्य लिहिले होते. मी विचारले, “हे कुठे वाचलेस?” तो म्हणाला, “वाचलं नाही गुरुजी, पाह्यलं.” त्याला किती गुण द्यावे ते मला कळेना. उत्तर लिहिले होते मोठ्या मनापासून, आणि त्यात खोटेपणा असा काही नव्हता. फक्त ते वाक्य बहिर्जीचे नव्हते, पटकथा लिहिणाऱ्याचे होते.

मग कागदपत्रांत बहिर्जी किती आहे? फार थोडा. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीच्या मुक्कामी, १६९७ च्या सुमारास जी बखर लिहिली, तिच्यात बहिर्जी जाधव नाईक हा शहाणा जासूद म्हणून येतो. सुरतेची बातमी त्याने आणली. तिथे अमाप द्रव्य आहे हे सांगितले. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले. बखरीतला बहिर्जी हा असा दोन-चार ओळींचा. फकिराचा वेष, वासुदेवाचा वेष, शत्रूच्या दरबारातली हजरजबाबी, हे पुष्कळसे पुढच्या लोकांनी, कथाकारांनी, कादंबरीकारांनी आणि आता सिनेमाने भरले. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात, आणि लोक तिथे भक्तीने जातात.

माझी तक्रार सिनेमावाल्यांवर नाही. दोन ओळींवर अडीच तासांचा खेळ उभा करायचा तर त्यांनी रंग भरायलाच हवा. पण विचार करा, सुरतेला पोचायला घोड्यावर कित्येक दिवस. तिथे जायचे, व्यापाऱ्यांच्या वखारी कुठे, तटबंदी कशी, सुभेदार किती सावध, हे सगळे हेरायचे. कागदावर काही लिहायचे नाही, डोक्यात ठेवायचे, आणि परत यायचे. एकदाही तलवार उपसायची नाही. तलवार उपसली म्हणजे काम फसले! बॉण्ड पाच मिनिटांत आपले खरे नाव सांगून मोकळा होतो. बहिर्जीने ते सांगितले असते तर सुरत हाती लागली नसती. त्याचे चित्र नाही, पत्र नाही, म्हणून आपण हळहळतो. पण ज्याने आपला माग मागे ठेवला, तो जासूद कसला?

म्हणून शिक्षक मंडळींना एक सुचवतो. ‘फत्तेशिकस्त’ मुलांना खुशाल दाखवा. मग दुसऱ्या दिवशी सभासदाची बखर वर्गात उघडा आणि बहिर्जीच्या त्या ओळी मोठ्याने वाचा. मुलांना विचारा, सिनेमातले काय इथे सापडले आणि काय सापडले नाही. मी हा प्रयोग केला आहे. पहिली पाच मिनिटे मुले हिरमुसतात. नंतर एखादे उठून विचारते, “मग गुरुजी, त्याला सुरतेत ओळखीचं कोणी होतं का?” हा प्रश्न चांगला आहे, आणि तो पडद्यासमोर बसून सुचत नाही.

परवा टपरीवर मी पोरांना हे सारे ऐकवले. बहिर्जीचे त्यांना पटले असावे, कारण कोणी मध्ये बोलले नाही. गणितही पटले. अडले ते ‘सांगत्ये ऐका’पाशी. कॉलेजातला तो बॉण्डवाला पोरगा कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “एकशेएकतीस आठवडे? एकाच टॉकीजमध्ये? गुरुजी, त्या लोकांनी तो सिनेमा किती-किती वेळा पाह्यला असेल?”

मी म्हणालो, “माझ्या एका मावशीने अकरा वेळा.”

“आणि तुम्ही?”

मी चहाचे पैसे दिले आणि उठलो. तिच्याबरोबर दर वेळी मीच जात असे, हे त्यांना अजून सांगितलेले नाही.