मुकादमाचा हात

गुलबर्गा जिल्ह्यातल्या आळंदच्या एका अडत दुकानात मी 1969 साली लागलो. पहिले सहा महिने वहीला हात लावू दिला नाही. सकाळी ओटा झाडायचा आणि सांडलेली तूर ज्याची त्याच्या पोत्यात टाकायची. मग काट्याजवळ उभं राहायचं. पहिल्या धारणेला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मी एकदा ‘एक’ म्हणालो, तर मुनीमजींनी सगळा माल पुन्हा मोजायला लावला.

दुकानातल्या जुन्या वह्या मोडीतल्या. त्यांत पैशाचे दोन रकाने, हाली आणि कलदार. निजामाच्या मुलखात हाली सिक्का, सोलापूरच्या पेठेत कलदार. सात हालीला साधारण सहा कलदार. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी संपली, 1 नोव्हेंबर 1956 ला आळंद म्हैसूर राज्यात गेलं. कचेरीतली उर्दू गेली, कानडी आली. आम्ही शेतकऱ्याशी कानडी बोलायचो, वही मराठीत लिहायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रुमालाखाली बोटं दाबून भाव करण्याची चाल कायद्यानं बंद केली. हैदराबाद संस्थानानं 1930 लाच बाजार कायदा केला होता, इकडचा पुढचा आला 1966 ला. उघडा लिलाव झाला, चांगलंच झालं. पण लिलावानंतर काट्यावर काय चालतं, ते कायद्याला कुठून दिसणार?

आमच्याकडे ते हमालांच्या मुकादमाला दिसायचं. पारडं कलतं वाटलं की तो पोत्याचा आकडा खाली टाकून हात वर करी. मालक गादीवरून उठत, स्वतः पासंग बघत, आणि तोवर एक पोतं हलत नसे. माल कुणाचा, हा प्रश्नच नाही. दिवेलागणीच्या आत शेतकऱ्याच्या हातात पट्टी आणि पैसे, त्यानंतर हमाली, आणि मालकाचं जेवण सगळ्यांत शेवटी.

शेजारच्या एका दुकानात मुकादमानं असाच हात वर केला, तर दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. गाड्या गावोगाव परतल्या, तशी ती गोष्टही गेली. आधी त्याची हमालांची टोळी आमच्याकडे आली. तूर पुढच्या सुगीत आली.

याला कुणी व्यवस्थापन म्हणत नव्हतं. आमचे मालक लिंगायत, ते ‘कायक’ म्हणत, म्हणजे श्रम हीच पूजा. शेजारच्या कल्याणात बाराव्या शतकात आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून पोट भरी. एक दिवस त्यानं गरजेपेक्षा जास्त आणले, तर बायकोनं, लक्कम्मानं, ते परत टाकून यायला लावले. ही गोष्ट मालक दर पाडव्याला वहीपूजनानंतर सांगत. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण ओट्यावरची तूर कधी कुणी घरी नेली नाही.

2019 ला गुलबर्ग्याच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. काटा आता विजेचा आहे, आकडे लाल दिव्यात दिसतात. तूर घालायला जाल, तेव्हा आकड्यांकडे बघाच. पण तिथल्या हमालाला तो काटा थांबवता येतो का, तेवढं आधी विचारा.