वात, स्नायु आणि सिन्ग्योंग

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, जालन्याकडे जातांना करमाड हें गांव लागतें. तेथें काय किंवा मराठवाड्यांतील दुसऱ्या कोणत्याही गांवीं काय, एखादें माणूस वर्षानुवर्षें अंग ठणकतें, कळ फिरते, झोप येत नाहीं, छाती धडधडते, अशी तक्रार करूं लागलें कीं घरांतील वडील माणसें एका शब्दांत निदान करून मोकळीं होतात: "वात आहे." तेंच माणूस शहरांत गेलें, रक्त तपासून झालें, क्षकिरणांचें छायाचित्र निघालें, आणि त्यांत कांहीं सांपडलें नाहीं, म्हणजे उत्तर मिळतें: "नसांची कमजोरी आहे." किंवा नुसतेंच, "कांहीं नाहीं." या उत्तरांच्या मागें मोठा इतिहास आहे, आणि तो औषधांपेक्षां भाषांतराचा इतिहास अधिक आहे, असें मला वाटतें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वाताचे ८०, पित्ताचे ४० व कफाचे २० विकार मोजले आहेत. वाताची यादी वाचून पाहावी. नखें फुटणें, गृध्रसी, कंप, हृदयाची धडधड हीं तींत आहेतच. पण त्यांच्याच पंगतीला विषाद, निद्रानाश आणि चित्ताची अस्थिरता हींही बसलेलीं आहेत. शरीराचें दुखणें व मनाचें दुखणें यांच्यामध्यें भिंत घालण्याची त्या ग्रंथकारास गरजच वाटली नाहीं. याच ग्रंथांत वायु हा मनाचा नियंता म्हटला आहे. इंग्रजी वैद्यक शिकलेल्या आपल्या लोकांपुढें हें वर्णन आलें, तेव्हां त्यांतील अनेकांनीं झटकन् म्हटलें कीं वात म्हणजेच 'नर्व्हस सिस्टिम'. समीकरण सोयीचें होतें. त्यानें वैद्यास प्रतिष्ठा मिळाली आणि डॉक्टरास हंसण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु ज्या शब्दांनीं हें समीकरण मांडावयाचें, तेच शब्द डळमळीत होते. संस्कृतांत स्नायु म्हणजे सांधे बांधून धरणारा चिवट धागा. बंगालीनें व हिंदीनें तो 'नर्व्ह'साठीं घेतला. मराठींत तो मांसपेशीकडे गेला. त्यामुळें एकच शब्द कलकत्त्यास संवेदना वाहतो आणि पुण्यास ओझें उचलतो! मराठीनें मग मज्जातंतु व ज्ञानतंतु हे शब्द चालविले; त्यांतील मज्जा ही तर मुळांत हाडाच्या पोकळींतील स्निग्ध धातु. हा घोटाळा एकट्या आपलाच आहे, असें मात्र नव्हे. ग्रीकांचा 'नेव्रॉन' हा प्रथम स्नायुबंधच होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्यास संस्कृत 'स्नावन्' याचा भाऊबंद मानतात. अरबी हकीमांचा 'असब' हाही तसाच दुहेरी अर्थाचा. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं असलेल्या या मुलुखांत युनानी वैद्यकास राजाश्रय होता. तेव्हां आपल्याकडील 'नसांची कमजोरी' ही हकीमांच्या 'आसाबी कमजोरी'चीच धाकटी बहीण असावी, असा माझा तर्क आहे.

मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनीं १९२७ त कुंडलिनीवर एक इंग्रजी पुस्तक लिहून या प्रवृत्तीचें टोक गांठलें. कुंडलिनी म्हणजे शरीरांतील उजवी 'व्हेगस' नाडी, असा त्यांचा सिद्धान्त. पुस्तकाची प्रस्तावना तंत्रग्रंथांचे अभ्यासक सर जॉन वुड्रॉफ यांची. आणि गंमत अशी कीं कुंडलिनी ही नाडी नव्हे, असें त्यांनीं त्या प्रस्तावनेंतच स्वच्छ लिहून ठेविलें. एतद्देशीय डॉक्टर जुन्या कल्पनेस शरीरशास्त्रांत बसवूं पाहतो आणि इंग्रज न्यायाधीश ती बसत नाहीं म्हणून हरकत घेतो, हा प्रसंग त्या काळाचें मन समजण्यास फार उपयोगी आहे. रेळे यांचें धाडस मला आवडतें. निर्णय मात्र वुड्रॉफ यांच्या बाजूनें द्यावा लागतो.

हाच प्रश्न पूर्वेकडे निराळ्या रीतीनें सुटला. १७७४ त सुगिता गेन्पाकु व त्याचे सहकारी यांनीं एका डच शारीरग्रंथाचें भाषांतर जपानांत प्रसिद्ध केलें. 'नर्व्ह'ला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. जुन्या वैद्यकांतील चैतन्यशक्तीचा 'शिन्' आणि देहांतील प्रवाहमार्गांचा 'केइ' जोडून त्यांनीं 'शिन्केइ' बनविला. त्याच अक्षरांचा कोरियन उच्चार 'सिन्ग्योंग'. म्हणजे नवी कल्पना तेथें जुन्या वैद्यकाचेंच वस्त्र नेसून आली. आजही कोरियन माणूस एखाद्या गोष्टीची चिंता वाहतो, तेव्हां तो 'सिन्ग्योंग वापरतो'.

कोरियाचें स्वतःचें वैद्यक हो जुन याच्या १६१३ त छापलेल्या 'तोंगुइ पोगाम' या महाग्रंथावर पोसलेलें आहे. जपानी सरकारनें १९१३ त तेथील वैद्यांस खालच्या पायरीवर ढकललें. पूर्ण वैद्याचा दर्जा त्यांस १९५१ च्या कायद्यानें परत मिळाला. (आपल्या मुंबई इलाख्यांत १९१२ च्या कायद्यानें वैद्यांस बाहेर ठेविलें व १९३८ च्या कायद्यानें आंत घेतलें.) या सर्व उलथापालथींत एक शब्द मात्र टिकला: 'ह्वाब्योंग', अग्निरोग. छातींत जाळ, पोटाच्या वरच्या भागांत गोळा, श्वास कोंडणें. आणि कारण म्हणून वर्षानुवर्षें गिळलेला राग, बहुधा नवऱ्यावरचा किंवा सासरचा. रोगी बहुतेक मध्यम वयाच्या स्त्रिया. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांनीं १९९४ च्या आपल्या सूचींत या रोगाची नोंद घेतली. आपल्या बायकांस हें दुखणें अपरिचित आहे काय? मराठींत 'कुढणें' असें नेमकें क्रियापद आहे. पण त्यास रोगाचा मान कोणीं दिला नाहीं, आणि म्हणून कुढणाऱ्या बाईस "कांहीं नाहीं" हें ऐकावें लागतें.

आधुनिक शास्त्रही आतां या 'कांहीं नाहीं'पाशीं थांबत नाहीं. मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ त दाखविलें कीं वेदना ही जखमेची निव्वळ तार नव्हे; पाठीच्या कण्यांत तिला दार आहे, आणि तें उघडण्यामिटण्यांत मेंदूचाही हात असतो. ऊति शाबूत असून वेदनायंत्रणाच बिघडलेली असते, अशा वेदनेस २०१७ त स्वतंत्र संज्ञा मिळाली. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेनें २०२१ त असल्या जीर्ण वेदनेवर अफूजन्य औषधें नकोत असें सांगून व्यायामास आणि, विचारान्तीं, पूर्वेकडील सूचिचिकित्सेसही जागा दिली. यावरून चरकास किंवा हो जुन यास हें सर्व ठाऊक होतें, असें सिद्ध होत नाहीं. तसें म्हणणारांचा मला कंटाळा आहे. त्यांना मेंदूचें दार ठाऊक नव्हतें. दारांत उभा असलेला रोगी मात्र त्यांनीं खोटा ठरविला नाहीं.

अमेरिकन डॉक्टर बियर्ड यानें १८६९ त प्रचारांत आणलेला 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे आपल्या जाहिरातींतील 'ज्ञानतंतूंची दुर्बलता', जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ त मंजूर केलेल्या रोगसूचींतून गळला आहे. त्याच सूचींत जीर्ण वेदना ही प्रथमच स्वतः एक रोग म्हणून दाखल झाली.