वास्तववाद, मराठी ग्रामीण कादंबरीतील (बुलढाणा परिसर)

सामान्य माणसाचे रोजचे जगणे, त्यामागची आर्थिक-सामाजिक कारणे आणि त्याची बोली यांना प्रमाण मानणारी लेखनदृष्टी म्हणजे वास्तववाद. मराठी ग्रामीण कादंबरीत या दृष्टीचा महत्त्वाचा टप्पा बुलढाणा जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतीतून आला. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (2002) ही त्याची प्रमुख कृती होय.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीवर प्रथम अद्भुतरम्यतेचा पगडा होता. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने (1857) विधवांची दुःस्थिती मांडली. हरि नारायण आपटे यांनी ‘मधली स्थिती’ (1885) आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ यांतून पांढरपेशा घरांचे अंतरंग उघडे केले. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम डीन हॉवेल्स वास्तववादाचा पुरस्कार करत होते, मार्क ट्वेन यांनी बोलीला कादंबरीच्या निवेदनाची भाषा केले होते आणि हॅम्लिन गार्लंड यांच्या ‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’मध्ये (1891) कष्टाने व कर्जाने पिचलेला शेतकरी कथेच्या केंद्रस्थानी आला.

महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 सालीच शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणमीमांसा केली होती. कादंबरीला तेथवर पोचायला मात्र वेळ लागला. धनुर्धारी यांची ‘पिराजी पाटील’ (1903) ही सुरुवातीची ग्रामीण कादंबरी. पुढे बराच काळ खेडे निसर्गरम्य, भाबडे असेच रंगवले गेले. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ने (1955) ही रीत मोडली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (1960) कौतिक या नायिकेने वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सिद्ध केले. 1970 नंतरच्या ग्रामीण साहित्य चळवळीने खेड्यातल्या लेखकांना आत्मविश्वास दिला.

प्रदेश : बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच आहेत. खामगाव, नांदुरा, मलकापूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला ‘घाटाखालचा’ मुलूख, तर चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा ‘घाटावरचा’. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. एक पाऊस हुकला की पेरणी, उसनवारी, लग्नकार्य सगळेच कोलमडते. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधान पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता. ‘बारोमास’ त्याच्या चार वर्षे आधीची.

कृती : सदानंद देशमुख (जन्म 1959) हे चिखली तालुक्यातील अमडापूरचे. ‘लचांड’, ‘उठावण’, ‘महालूट’ हे त्यांचे कथासंग्रह. ‘तहान’ या कादंबरीत त्यांनी पाणीटंचाईने पोखरलेले गाव उभे केले. ‘बारोमास’चा नायक एकनाथ तनपुरे उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी पैसे मोजण्याची ऐपत नाही आणि शेती पोट भरू देत नाही, अशा कोंडीत तो सापडतो. नापिकी, कर्ज आणि बाजारभाव यांचा ताण वडील सुभानराव, पत्नी अलका, भाऊ यांच्या नात्यांत शिरतो; घर आतून उसवत जाते. या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावर त्याच नावाचा हिंदी चित्रपटही निघाला.

वैशिष्ट्ये व महत्त्व : या वास्तववादाचे बळ हंगामाच्या हिशोबात आहे. बियाणे, खत, मजुरी, व्याज यांचे तपशील येथे पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत. तेच कथानक पुढे नेतात. आधीच्या ग्रामीण कादंबरीत सावकार किंवा पाटील असा ओळखता येणारा शत्रू असे. येथे संकट संस्था, बाजार आणि धोरणे यांत पसरलेले आहे, म्हणून ते अधिक असह्य ठरते. शिकलेला शेतकरीपुत्र नायक झाल्याने आपल्या दुःखाची कारणे जाणणारा आणि तरी हतबल असलेला माणूस मराठी कादंबरीत ठसठशीतपणे आला. बोलीचा वापर रंगत आणण्यासाठी नसून विचाराचे माध्यम म्हणून होतो. शेतीच्या अरिष्टाची आकडेवारी अहवालांत सापडते. त्या अरिष्टाचा घराघरांतला अर्थ समजून घेण्यासाठी ‘बारोमास’ हा आजही मराठीतील पहिल्या प्रतीचा आधारग्रंथ आहे.