इंजिन अदलाबदल
मोटारीचे मूळ इंजिन काढून त्याजागी दुसरे बसविण्यास इंजिन अदलाबदल म्हणतात. अनेकदा त्याबरोबर गिअरबॉक्सही बदलतात. टर्बोचार्जर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोताने फिरतो व सिलिंडरात अधिक हवा दाबून भरतो. त्यामुळे शक्तीबरोबर दाब आणि उष्णताही वाढतात. क्लच व ब्रेक तितके सक्षम नसल्यास अपघाताचा धोका असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जालना जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी ‘एमएच-२१’ या क्रमांकाने होते. त्यांनाही हाच नियम लागू आहे.