दहा कोटी कोळी आणि एक छप्पर

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे सांडपाणी 'बॅक रिव्हर' खाडीच्या काठावरील एका मोठ्या केंद्रात शुद्ध केले जाते. २००९ सालच्या ऑक्टोबरअखेरीस या केंद्राच्या व्यवस्थापकांनी तज्ज्ञांकडे मदत मागितली. वाळूच्या गाळण्या असलेल्या इमारतीत कोळी झाले आहेत आणि परिस्थिती अगदी टोकाला गेली आहे, असे त्यांनी कळवले. कोळी चावतील या भीतीने तेथील कामगार धास्तावले होते.

ही इमारत १९९३ साली बांधलेली. इमारत म्हणण्यापेक्षा मांडवच म्हणावा असे तिचे रूप आहे. सुमारे चार एकरांवर एकच सलग छप्पर, त्याखाली गाळण्यांचे हौद आणि बाजूंना भिंती नाहीत. बांधल्यापासूनच तेथे कोळ्यांचा राबता होता, पण त्या वर्षी त्यांनी कमाल केली होती.

पाहणीला गेलेल्या तज्ज्ञांना काय दिसले? छताखालची सुमारे ९५ टक्के जागा जाळ्यांनी व्यापलेली होती. कोठे तुळयांमध्ये चादरीसारखे पडदे ताणलेले, तर कोठे धुराच्या लोटांसारखी लोंबती जळमटे. जाळ्यांच्या ओढीने आठ फूट लांबीच्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या जागच्या सरकल्या होत्या. दिवाळीच्या साफसफाईत लांब काठीला झाडू बांधून कोपऱ्यातली कोळिष्टके काढणाऱ्या आपल्यासारख्यांना याची कल्पना करणेही अवघड आहे.

अशा वेळी माणूस काय करतो? कोणी झाडू घेतो, कोणी औषध फवारतो, कोणी ती जागाच सोडतो. बाल्टिमोरला गेलेल्या कीटकतज्ज्ञांनी आणि कोळीतज्ज्ञांनी आधी वेगळेच काम हाती घेतले. ते कोळी मोजायला बसले.

शितावरून भाताची परीक्षा

एवढे कोळी एकेक करून मोजणे अशक्यच. म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या जाळ्यांचे नमुने घेतले आणि त्या नमुन्यांतले कोळी मोजले. मग एकूण जाळ्यांच्या आकारमानावरून हिशेब मांडला. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. मात्र शिते एकाच कोपऱ्यातून उचलून चालत नाहीत, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

हिशेबाचे उत्तर आले १० कोटी ७० लाख. आणि हा अंदाज हात राखून केलेला होता. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढी वस्ती एका छपराखाली! सर्वांत दाट जागी एका घनमीटरात ३५,१७६ कोळी भरले. हा अहवाल २०१० साली 'अमेरिकन एंटोमॉलॉजिस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मोजणीबरोबर ओळखही पटली. कोळ्यांमध्ये मोठा भरणा होता तो टेट्राग्नाथा ग्वाटेमालेन्सिस या जातीचा. टेट्राग्नाथा कुळातले हे कोळी लांबट अंगाचे, लांब जबड्यांचे आणि पाण्याच्या आसपास राहणारे. याच गणातल्या दुसऱ्या जाती आपल्याकडे भातखाचरांत नेहमी दिसतात. पाय पुढे-मागे ताणून ते पात्याला असे चिकटून बसतात, की कोळी कोणता आणि काडी कोणती हे कळू नये. दुसरी मुख्य जात होती लॅरिनिऑइडिस स्क्लोपेटेरियस. पूल, कठडे आणि पाण्याकाठच्या दिव्याच्या इमारती यांवर हा कोळी जाळी विणतो. माणसाला धोका या दोन्हींपासून नाही.

एवढे कोळी आले कोठून?

कोळी साधारणपणे एकलकोंडा प्राणी. शेजारी आला तर त्याला खाऊन टाकण्यासही कमी न करणारा. मग कोट्यवधी कोळी एकमेकांना जाळे लावून कसे राहिले?

याचे उत्तर खालच्या हौदांत सापडते. सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्ये भरपूर असतात. त्यांवर न चावणाऱ्या चिलटांच्या, म्हणजे कायरोनोमिड कीटकांच्या, अळ्या पोसल्या जातात. त्या अळ्यांची चिलटे होऊन थव्याथव्याने वर उडतात आणि रात्री दिव्यांकडे ओढली जातात. वर छप्पर असल्यामुळे जाळ्यांना पाऊस लागत नाही. तुळया आणि खांब म्हणजे जाळी ताणायला तयार खुंट्या. भिंती नसल्यामुळे बाहेरून येणाऱ्याला अडवणारेही कोणी नाही. अन्न एवढे मुबलक झाले, की शेजाऱ्याशी भांडण्याचे कारणच उरत नाही. टेक्सास राज्यातील टवाकोनी तलावाच्या काठी २००७ साली झाडांवर असेच मोठे सामाईक जाळे झाले होते, आणि तेथेही टेट्राग्नाथा ग्वाटेमालेन्सिस हीच जात प्रामुख्याने होती.

म्हणजे कोळ्यांनी इमारतीवर आक्रमण केले, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पाणी, अन्न, दिवे आणि आसरा ही सारी सोय माणसानेच करून ठेवली होती.

आता फवारणीचा विचार करून पाहा. कोळी मारले असते तरी चिलटे तशीच राहिली असती, आणि त्यांना खाणारे मात्र गेले असते. शिवाय खाली उघडे पाणी, आणि ते शुद्ध करणे हेच तर केंद्राचे काम. अहवालाचा सल्ला असा होता : कोळी निरुपद्रवी आहेत हे कामगारांना समजावून सांगा, आणि हे प्रचंड जाळे म्हणजे निसर्गातला एक विक्रमी चमत्कार आहे अशा दृष्टीने ते त्यांच्यापुढे मांडा.

आणि कोळी विषारी असते तर?

चौकस विद्यार्थी येथे लगेच विचारेल, "हे कोळी निरुपद्रवी होते म्हणून ठीक. विषारी असते तर?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही मोजणीतूनच मिळाले आहे.

अमेरिकेच्या मध्य भागात कॅन्सस, मिसुरी, ओक्लाहोमा या राज्यांत 'ब्राउन रेक्लूज' नावाचा तपकिरी कोळी घराघरांत आढळतो. त्याच्या पाठीच्या पुढच्या भागावर व्हायोलिनच्या आकाराची खूण असते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, याला सहाच. दिवसा तो खोक्यांमागे, कपाटाच्या फटीत, अडगळीत लपून राहतो. त्याच्या विषाने काही वेळा दंशाभोवतीची कातडी मरते आणि जखम चिघळते, तरी बहुतेक दंश आपोआप बरे होतात. अशा जखमांचा या कोळ्याशी असलेला संबंध मिसुरीतील संशोधकांनी १९५७ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. तेव्हा याची भीती निराधार नाही.

कॅन्ससमधील लेनेक्सा येथे एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या एका घरात चार माणसांचे कुटुंब राहत होते. घरात हे कोळी फार दिसतात म्हणून २००१ साली सहा महिने ते गोळा करून मोजण्यात आले. चिकट सापळ्यांत ८४२ सापडले, हाताने शोधून १,२१३ पकडले. एकूण २,०५५. त्यांपैकी किमान ४०० कोळी माणसाला विषबाधा होईल एवढे मोठे होते. आणि चौघांपैकी किती जणांना विषबाधा झाली? एकालाही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोळीतज्ज्ञ रिक व्हेटर यांनी २००२ साली हा वृत्तान्त शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

यावरून हा कोळी चावतच नाही असे समजू नये. कपड्यात किंवा अंथरुणात अंगाखाली दाबला गेला तर तो चावतो. पण त्याची संख्या आणि त्याचे दंश यांचे प्रमाण आपल्या समजुतीपेक्षा फार निराळे आहे, एवढे नक्की.

सर्वांनाच असे शांतपणे राहता येते असेही नाही. मिसुरीतील वेल्डन स्प्रिंग येथे २००७ साली एका कुटुंबाने घर विकत घेतले, आणि त्यात हेच कोळी निघाले. संख्येचा अंदाज साडेचार ते सहा हजार. प्रकरण न्यायालयात गेले, कुटुंबाने घर सोडले, आणि २०१४ साली ते संपूर्ण घर ताडपत्रीने झाकून आत विषारी वायू सोडण्यात आला. भिंतीतून कोळी बाहेर पडताना पाहणाऱ्या माणसाच्या भीतीला हसणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. जाति तीच, घरेही तशीच, आणि प्रतिक्रिया मात्र दोन टोकांच्या.

आरोपी हजर नाही

कोळ्यावर आरोप ठेवण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. दक्षिण इटलीतील आपुलिया प्रांतात काही शतके अशी समजूत होती, की टॅरँटुला नावाचा कोळी चावला तर रोग्याला वाद्यांच्या तालावर दमेपर्यंत नाचवावे, म्हणजे विष उतरते. टॅरँटुला हे नाव तेथील टारांटो शहरावरून पडलेले. १६९० च्या दशकात ज्योर्ज्यो बाल्यीवी या वैद्याने त्यावर विस्ताराने लिहिले. ज्या कोळ्याला हे नाव मिळाले, त्याचा दंश प्रत्यक्षात सौम्य असतो. रोगी नाचत होते, वाजंत्री वाजवत होते, पण चावलेला कोळी पकडून दाखवणारे विरळाच.

हे जुन्या काळचे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. कॅलिफोर्नियात ब्राउन रेक्लूजचा अधिवास नाही, तरी तेथे त्याच्या दंशाची निदाने होतच राहिली. जेथे हजारो कोळी तेथे दंश नाही, आणि जेथे कोळीच नाही तेथे दंशाचे रोगी! व्हेटर यांनी लेनेक्साच्या आकड्यांवर बोट ठेवले ते यासाठीच. जखमेला कोळी चावला असे नाव दिले, की खऱ्या रोगाचा शोध तेथेच थांबतो.

याची किंमत किती असू शकते, हे त्याच २००१ सालच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये दिसले. सात महिन्यांच्या एका बाळाच्या हातावर सूज येऊन जखम झाली. इस्पितळात आधी ब्राउन रेक्लूजच्या दंशाचे निदान झाले. प्रत्यक्षात तो अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, होता. त्या वर्षी टपालातून पाठवल्या गेलेल्या जंतूंनी अमेरिकेत पाच जणांचा बळी घेतला. सुदैवाने खरे कारण कळले आणि बाळ वाचले.

आपल्याकडेही सकाळी मानेवर जळजळणारा चट्टा दिसला, की "अंगावरून कोळी गेला असेल" असे आपण सहज म्हणून जातो. पावसाळ्यात असा चट्टा पुष्कळदा पीडेरस नावाच्या छोट्या भुंगेऱ्यामुळे उठतो. तो दिव्याकडे येतो, आपण झोपेत त्याला अंगावर चिरडतो, आणि त्याच्या शरीरातल्या दाहक द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. कधी तो चट्टा नागिणीचा असतो, आणि तिच्यावर लवकर उपचार झालेले बरे. कोळ्याला दोष देऊन गप्प बसलो, तर ती वेळ हातची जाते.

वर्गासाठी

शाळेची इमारत ही या विषयाची उत्तम प्रयोगशाळा आहे. मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक भाग वाटून द्यावा : दिव्याजवळची भिंत, अंधारा जिना, नळाचा कोपरा, अडगळीची खोली. कोळ्यांना किंवा जाळ्यांना हात न लावता जाळी मोजावीत आणि जाळ्यात अडकलेले कीटक कोणते ते लिहून ठेवावे. भिंतीवर बसणारा मोठा, चपटा, झुरळे खाणारा कोळी दिसला तर त्याचीही नोंद करावी. तो जाळे विणत नाही. मग विचारावे : जाळी कोठे जास्त आहेत आणि का?

मोजणीच्या आधी प्रत्येकाने एका कागदावर अंदाज लिहावा : शाळेत कोळी किती असतील, आणि गेल्या वर्षभरात कोळी चावल्यामुळे किती जणांना इजा झाली असेल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात 'कोळी प्रत्यक्ष पाहिला होता का?' असा एक रकाना आवर्जून ठेवावा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, की पुढची चर्चा मुले आपण होऊन करतील.