सरळ भोंकाची कथा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून घरांतील मंडळींना कदाचित् हंसूं येईल. लढायांचा इतिहास असतो, राजवंशांचा असतो. भोंकाला कसला आला आहे इतिहास? परंतु लोखंडांत सरळ आणि गोल भोंक पाडतां येईना म्हणून वाफेचें युग कांहीं वर्षें अडून बसलें होतें, आणि त्याच कारणानें चारकोपच्या एका गृहस्थाचें राहतें घर पणास लागलें होतें. या दोन हकीकतींमध्यें सव्वादोनशेंहून अधिक वर्षांचें अंतर आहे. परंतु प्रश्न एकच आहे.

चारकोप म्हणजे कांदिवलीच्या पश्चिमेची वस्ती. तिच्यापलीकडे तिवरांचें रान आणि मनोरीची खाडी. 1980 नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या साह्यानें लहान लहान भूखंड आंखून येथें सेक्टरांची वसाहत उभी राहिली. या भागांत औद्योगिक गाळेहि आहेत. अशाच एका गाळ्यांत माझे एक तरुण स्नेही पंपांचीं व गिअरपेट्यांचीं ओतीव कवचें घडवितात. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांना एक परदेशी, आडवें बोअरिंग मशीन विकत मिळत होतें. जुनें, पण नामांकित बनावटीचें. घर गहाण टाकून पैसे उभे करावयाचे होते, आणि विसारहि देऊन झाला होता. “काका, तुम्ही एकदां येऊन पाहा,” असा त्यांचा निरोप आला.

तें यंत्र पाहण्यापूर्वीं थोडें मागें जाऊं या.

भोंक पाडणें निराळें आणि पाडलेलें भोंक सरळ करणें निराळें. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्यें अहमदनगर येथें ओतली गेली. वजन सुमारें 55 टन. असल्या जुन्या तोफांची पोकळी ओततांनाच मधें गाभा ठेवून साधीत. गाभा किंचित् हलला तर नळी वांकडी होई; परंतु दगडी गोळ्याला तेवढें चालून जात असे. वाफेला मात्र तें चालत नाहीं. गोळ्याच्या बाजूनें थोडी हवा निसटली तर नेम चुकतो. दट्ट्याच्या बाजूनें वाफ निसटली तर यंत्र चालतच नाहीं.

जेम्स वॅटची हीच अडचण झाली. त्याच्या यंत्राचें पेटंट 1769 चें. कल्पना पूर्ण होती, पण सिलिंडर गोल मिळेना. जॉन स्मीटन हा त्या काळचा थोर इंजिनियर. त्यानें कॅरन येथील कारखान्यासाठीं बोअरिंगचें यंत्र रचलें होतें. त्यांतील दांडी एकाच टोकास धरलेली असे, आणि कापणारें डोकें सिलिंडरच्या तळावरूनच सरकत असे. त्यामुळें ओतीव कामांत जो वांक असेल त्याच वांकावरून हत्यार निमूटपणें जाई. भोंक गुळगुळीत होई, सरळ होत नसे. हा भेद फार महत्त्वाचा आहे आणि आजहि पुष्कळ खरेदीदार तो विसरतात.

जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार. त्यानें 1774 मध्यें तोफा भरीव ओतून मग कोरण्याचें पेटंट घेतलें आणि पुढील वर्षीं सिलिंडरासाठीं निराळें यंत्र उभें केलें. त्याची युक्ति ऐकली तर इतकी साधी वाटते, कीं ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं याचेंच नवल वाटावें. त्यानें दांडी सिलिंडरच्या आरपार नेली आणि तिला दोन्ही टोकांस आधार दिला. आतां हत्याराला मार्ग दाखवी ती दांडी. कच्च्या ओतीव कामाचा वांक त्याला दाखवूं शकेना. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानें 1776 मध्यें लिहून ठेवलें, कीं 50 इंच व्यासाच्या सिलिंडरांत कोठेंहि जुन्या शिलिंगाच्या जाडीएवढीहि चूक नाहीं. जुन्या शिलिंगाची जाडी! आजचा टर्नर त्यावर हंसेल. परंतु त्याच वर्षीं वॅटचीं पहिलीं मोठीं यंत्रें कामास लागलीं. (या विल्किन्सनला लोखंडाचें वेड इतकें, कीं त्यानें आपली शवपेटिकाहि लोखंडाची करवून ठेविली होती.)

आपल्या मुंबईंत हें ज्ञान लवकर आलें. आर्देशीर खरशेटजी वाडिया हे जहाजबांधणीच्या घराण्यांतले; त्यांनीं वाफेच्या यंत्राची विद्या आत्मसात केली आणि 1841 मध्यें ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. पुढें गिरण्या आल्या, आगगाडी आली, आणि दुरुस्तीच्या कारखान्यांतून कामगारांच्या पिढ्या तयार झाल्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे याच शहरांत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. पुढें 1910 मध्यें औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तर 1941 मध्यें हरिहर येथें लेथ करण्यासाठीं म्हैसूर किर्लोस्कर. तथापि अतिसूक्ष्म बोअरिंगचीं यंत्रें दीर्घकाळ स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड येथूनच येत राहिलीं. अशा यंत्राचें वय झालें, कीं तें हात बदलीत बदलीत आपल्या गाळ्यांपर्यंत पोंचतें.

तें पारखावें कसें? या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जॉर्ज श्लेसिंजर हें नांव अग्रगण्य आहे. 1904 पासून ते बर्लिनमध्यें यंत्रहत्यारांचे प्राध्यापक होते. यंत्राच्या कसोट्यांचें त्यांचें पुस्तक 1927 मध्यें प्रसिद्ध झालें. ते जन्मानें ज्यू. 1933 मध्यें नाझींनीं त्यांना तुरुंगांत टाकलें. पुढें देश सोडून ते अखेर इंग्लंडला गेले आणि 1949 मध्यें तेथेंच वारले. त्यांच्या कसोट्या मात्र साऱ्या जगानें उचलल्या.

आतां चारकोपच्या त्या यंत्राकडे वळूं. विक्रेत्यानें रंग ताजा दिला होता. स्पिंडलमध्यें मँड्रेल बसवून, त्याला डायल लावून, त्यानें स्पिंडल फिरवून दाखविला. 300 मिलिमीटरवर कांटा एका शतांश मिलिमीटरच्या आंतच हलला. माझ्या स्नेह्यांचा चेहरा खुलला. मला मात्र स्मीटन आठवला. स्पिंडल नीट फिरतो म्हणजे भोंक गोल होईल. तें समोरच्या भिंतींतील भोंकाच्या रेषेंत येईल कीं नाहीं, हें त्यावरून समजत नाहीं. गिअरपेटीचें सारें आयुष्य या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतें.

दुपारची वेळ होती. एका बाजूच्या पत्र्यांतून ऊन थेट यंत्राच्या खांबावर पडत होतें. मापनाचें जागतिक तपमान 20 अंश सेल्सिअस ठरलेलें आहे. आपल्या दुपारीं तें कोठून मिळणार? सगळेंच लोखंड सारखें तापलें तर हानि थोडी. एकच बाजू तापली कीं घात. दीड मीटर उंच, साठ सेंटिमीटर रुंद असा बिडाचा खांब घ्या. त्याची एक बाजू दुसरीपेक्षां एकच अंश अधिक तापली, तर माथा सुमारें 20 मायक्रॉन झुकतो. म्हणून मी चांचणी दुसऱ्या दिवशीं सकाळीं घेण्याचा हट्ट धरला. विक्रेता नाराज झाला, होऊं दे.

सकाळीं एक भंगार कवच टेबलावर बांधलें. एका भिंतींत भोंक कोरलें, टेबल अर्धा फेरा फिरवून समोरच्या भिंतींत कोरलें. यांत यंत्र आपली चूक आपणच, आणि दुप्पट करून, सांगतें. दोन्ही भोंकांच्या मध्यांत अंतर निघालें सहा शतांश मिलिमीटर. स्नेही म्हणाले, “मोजून घेतलें म्हणजे दर वेळीं तितकेंच सरकवून काम करतां येईल ना?” प्रश्न मार्मिक होता. चूक एकसारखी राहत असेल तर ती सांभाळून घेतां येते. म्हणून पुन्हां कोरलें: दोन शतांश. तिसऱ्यांदा: नऊ. टेबलाची बैठक झिजली होती, आणि दर वेळीं तें निराळ्या जागीं स्थिरावत होतें. अशा चुकीला कोणतेंहि गणित लागू पडत नाहीं.

विसार बुडाला. घर राहिलें. वर्षभरानें त्यांनीं दुसरें, लहान यंत्र घेतलें. त्याचें टेबल फिरत नाहीं, परंतु पलीकडच्या टोकास भक्कम आधार-खांब आहे. दोन्ही भिंतींतून एकच दांडी आरपार घालून, तिचीं दोन्ही टोकें धरून, ते एका दमांत दोन्ही भोंकें कोरतात. काम सावकाश होतें. खांबावर ऊन येऊं नये म्हणून त्यांनीं पत्र्याला आंतून जाड तागाचें कापड लावलें आहे, आणि शेवटचा हात ते सकाळीं दहाच्या आंत फिरवितात.